चौथा प्लेऑफ आणि अठ्ठेचाळीस माग

सुरतेत गोल्फ खेळणारी माणसं बरीच असतील, पण गोल्फ समजलेला माणूस एकच आहे आणि तो आमच्या नात्यात आहे. माझे थोरले साडू बमरोलीच्या एका पॉवरलूम कारखान्यात मास्तर आहेत. अठ्ठेचाळीस माग त्यांच्या हाताखाली चालतात. गोल्फची काठी त्यांनी जन्मात हातात धरलेली नाही. गोल्फचं मैदान त्यांनी एकदाच पाहिलं, डुमसला जाताना बसच्या खिडकीतून, आणि माझी बायको म्हणते की ते मैदान नव्हतंच, कुणाच्या तरी बंगल्यापुढची हिरवळ होती. साडू मात्र आजही त्या हिरवळीचा उतार कुठून कुठे होता ते हाताने दाखवतात. मी मराठी शाळेत शिक्षक, म्हणून ते मला गुरुजी म्हणतात. त्यांना अख्खी बमरोली मास्तर म्हणते. आम्ही दोघं रस्त्याने निघालो की लोकांना वाटतं, दोन शिक्षक चाललेत. त्यातला एकच बोलतो आणि दुसऱ्याला ऐकावं लागतं. ऐकणारा मी.

हे वेड त्यांच्या घरात शिरलं ते एका जुन्या टीव्हीच्या पोटातून. उधन्याच्या एका दुकानातून त्यांनी तो स्वस्तात आणला, तेव्हा त्याचं चित्र झकास होतं आणि आवाज मेलेला होता. बारा तासांची पाळी करून साडू घरी आले, बटण दाबलं, तर पडद्यावर हिरवंगार गवत, आणि त्या गवतावर एक माणूस उभा. तो माणूस पाच मिनिटं नुसता विचार करत होता. भोवती हजारभर लोक होते आणि एकाचंही तोंड उघडं नव्हतं. साडू चपला न काढता तसेच खाली बसले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "हाऊ शे खेळ. कोनी वरडस नही." त्या दिवसापासून टीव्हीचा आवाज दुरुस्त करायचा विषय त्या घरात निघालेला नाही. अक्कांनी, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीने, एकदा परस्पर कारागीर बोलावला होता. साडूंनी त्याला चहा पाजला, कांद्याची भजी खाऊ घातली आणि दारातूनच परत पाठवला.

आवाज नसल्याने त्यांचं काही अडत नाही. मागांच्या खडखडाटात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळे तिथली जुनी माणसं समोरच्याचे ओठ वाचतात. चाळीस फुटांवरच्या माणसाने "धागा तुटला" म्हटलेलं साडूंना ओठांवरून कळतं. हीच विद्या ते गोल्फला लावतात. खेळाडू आणि त्याची काठ्यांची पिशवी वाहणारा सोबती पडद्यावर कुजबुजू लागले की साडू आम्हाला त्यांचं संभाषण सांगत जातात. ते दोघे इंग्रजीत बोलत असणार, ही किरकोळ बाब ते मनावर घेत नाहीत. "तो सोबती म्हनस, वारा डावीकडथीन शे, जपीसन मार. हाऊ म्हनस, तू माले शिकाडू नको, मन्हं डोकं दुखी ऱ्हायनं." एवढं म्हणेपर्यंत खेळाडूचा चेंडू खरोखरच वाऱ्याने वाहवत झुडपात जातो आणि साडू आमच्याकडे वळून बघतात. मी अहिराणी ऐकत वाढलो, पण इंग्लंड-अमेरिकेत ती इतकी शुद्ध बोलली जाते हे मला त्यांच्या घरी कळलं.

खेळाडूंची नावं त्यांना उच्चारता येत नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यांचं बारसं नव्याने केलं आहे. घाम न येणारा, पांढऱ्या कपड्यातला एक तरुण आहे, तो 'जावई'. सासुरवाडीला आल्यासारखा वागतो म्हणून. दर फटक्याआधी टोपी काढून पुन्हा घालणारा एक 'तिकीटचेकर' आहे. आणि या सगळ्यांच्या वर, देव्हाऱ्यात, त्यांचा लाडका 'दोंडाईचेकर'. वय पंचेचाळिशीकडे झुकलेलं, पोट सुटलेलं, चेहरा लालभडक. दोंडाईच्याच्या मिरचीबाजारात असा एक अडत्या त्यांनी लहानपणी पाहिला होता म्हणे.

गोल्फमुळे माणसाचं नुकसान होतं असं अक्कांचं मत आहे, पण त्यांच्या चाळीचं मत वेगळं आहे. चेंडू कोणत्या उतारावरून कसा वळेल हे वाचायची साडूंना इतकी सवय झाली की चाळीत नवी न्हाणी बांधायला काढली तेव्हा ते गवंड्याला बाजूला सारून ओल्या फरशीवर पोटावर पालथे पडले. एक डोळा मिटून त्यांनी पाच मिनिटं विचार केला. मग उठून म्हणाले, "पानी उजवीकडे जाईल आणि मागच्या कोपऱ्यात बसेल." गवंडी चिडला, म्हणाला, "मास्तर, मी वीस वर्षं न्हाण्या बांधतोय." साडूंनी लोटाभर पाणी ओतलं. पाणी उजवीकडे गेलं आणि मागच्या कोपऱ्यात बसलं. तेव्हापासून गल्लीत कुणाचीही फरशी बसवायची असली की आधी साडूंना बोलावतात आणि ते छातीला पोतं बांधून जातात.

एरवी या माणसाचा आवाज शेजारच्या पांडेसऱ्यापर्यंत पोहोचतो. पण पडद्यावर कुणी शेवटचा हलका टोला मारायला वाकला की घरात भांड्याला भांडं लागलेलं त्यांना चालत नाही. अक्का भाकरी थापत असल्या तर हात वर धरून थांबतात, पीठ कोपरापर्यंत ओघळतं. "हाऊ मानूस येडा व्हयी ग्या, गुरुजी," असं त्या मला सांगतात, पण तेही चेंडू होलमध्ये पडल्यावर.

तर हा दोंडाईचेकर. मोठ्या स्पर्धेत बरोबरी झाली की निकालासाठी प्लेऑफ खेळवतात. एकेक होल खेळायचा, ज्याला कमी फटके लागले तो जिंकला. दोंडाईचेकर आयुष्यात तीनदा मोठ्या स्पर्धेच्या प्लेऑफपर्यंत पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. प्रत्येक वेळी साडू दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या वेळी कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर जालन्याकडचा सुभाष नावाचा कारागीर, जो तिथल्या क्रिकेट पक्षाचा पुढारी आहे, सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, तुमच्या माणसाला बक्षीस म्हणून एक रुमाल द्या. डोळे पुसायला." साडूंनी बशी खाली ठेवली आणि शब्द दिला. दोंडाईचेकर चौथ्यांदा हरला तर टीव्ही गणपती मंडळाला देऊन टाकीन, त्यावर खुशाल क्रिकेट बघा, आणि मी बमरोलीत गोल्फचं नाव काढणार नाही. मास्तरांचा शब्द म्हणजे शब्द, हे सुभाषलाही ठाऊक होतं. त्याने दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या खोलीत एक फळी ठोकून घेतली.

आणि यंदा इंग्लंडमधल्या एका मोठ्या स्पर्धेत रविवारच्या अखेरीस दोंडाईचेकर आणि जावई बरोबरीत आले. तिथे पाऊस झाला, अंधारून आलं, आणि प्लेऑफ सोमवारी सकाळी ठेवला. तिथली सकाळ म्हणजे आपली दुपार, आणि सोमवारी दुपारी साडू पाळीवर. माझी शाळा सकाळची, त्यामुळे बारा वाजता अक्कांचा फोन आला, "गुरुजी, तुम्ही जा. आज त्यांनी डबा नेला नाही." सामना मोबाइलवर दिसणार होता. मी माझा मोबाइल चार्ज करून घेतला आणि बमरोली गाठली.

कारखान्यात शिरलो की आधी आवाज अंगावर येतो, मग माणसं दिसतात. साडूंनी दाराजवळच्या मागाच्या चौकटीवर मोबाइल टेकवला. मागाच्या हादऱ्याने तो इंच इंच सरकायचा आणि पडायच्या बेताला आला की सुभाष पकडायचा. हो, सुभाषच. टीव्हीवर त्याचा डोळा होता, तो पहारा देणारच. पहिला होल बरोबरीत सुटला. दुसरा बरोबरीत सुटला. साडूंनी ओठ वाचणंही सोडलं होतं. तिसऱ्या होलवर जावयाचा चेंडू वाळूत गेला, बाहेर निघाला, आणि पाचव्या फटक्यात आत पडला. आता दोंडाईचेकराला चौथ्या फटक्यात सहा फुटांवरून चेंडू आत घालायचा होता. घातला की जिंकला. असेच सहा फूट त्याचे मागच्या वेळी चुकले होते.

तो वाकला. मागे गर्दी स्तब्ध. इकडे मोबाइल थरथरत होता आणि त्या थरथरीत चेंडू कधी एक दिसे, कधी तीन. साडूंनी माझ्याकडे पाहिलं, सुभाषकडे पाहिलं, मग वळून सरळ भिंतीकडे चालू लागले. तिथे मुख्य स्विच आहे. सख्ख्या मुलीच्या हळदीला हा माणूस पाळी संपवून आला होता, कारण माग थांबवायचे नसतात. त्याने हात वर केला आणि स्विच खाली ओढला.

अठ्ठेचाळीस माग एकामागून एक थांबले. कारागीर जागच्या जागी उभे राहिले. केबिनमधून कारखान्याचे गुजराती शेठ बाहेर आले, "लाइट गई?" म्हणत. साडूंनी आपल्या शेठकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. पंचवीस वर्षांत त्या कारखान्यात शेठला कुणी गप्प बसवलं नव्हतं. शेठ इतके चकित झाले की गप्प बसले आणि पाय न वाजवता येऊन आमच्या मागे उभे राहिले.

दोंडाईचेकराने चेंडूला हलकेच ढकललं. "डावीकडे जातोय," सुभाष पुटपुटला. "येईल परत," साडू म्हणाले, "उतार आहे." चेंडू होलच्या काठाशी आला, काठावरून अर्धा वळसा घेतला, थांबल्यासारखा झाला, आणि आत पडला.

त्यानंतर काय झालं ते नीट सांगणं अवघड आहे. कुणीतरी साडूंना उचललं. कुणीतरी शेठनाही उचललं, ते चुकून. ज्या कारागिरांना टीव्ही हवा होता तेच सर्वांत जोरात ओरडत होते. सुभाष तर पडद्यावरच्या त्या लालभडक माणसाला "रड रे, आता खुशाल रड" म्हणत स्वतःच डोळे पुसत होता. शेठनी खाली उतरल्यावर विचारलं, "कोण जीत्यो?" साडू म्हणाले, "आपणो." शेठनी मान डोलावली. त्यांना अर्थबोध काहीही झाला नव्हता, पण आपला जिंकला म्हटल्यावर व्यापारी माणूस फार चौकशी करत नाही. ते म्हणाले, "चालो, हवे चालु करो." म्हणजे, आता माग सुरू करा.

ओरडा ओसरला तसं प्रत्येकाच्या लक्षात एकेक करून आलं की माग अजून बंद आहेत. माणसं बोलायची थांबली. दिवसाउजेडी ती जागा अशी त्यांनी कधी अनुभवली नव्हती, सगळे मान वर करून छताकडे बघत होते. साडू स्विचपाशी गेले, हात ठेवला, आणि तसेच उभे राहिले.

"एक मिनिट, शेठ," ते म्हणाले. मग मला जवळ बोलावलं. "काय ऐकू येस, गुरुजी?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, "काही नाही, साडूभाऊ. सगळं शांत आहे."

"मना कानमा ते माग चालूच ऱ्हातस," ते म्हणाले. "घरीबी. झोपमाबी." तक्रार म्हणून नाही, इंच-फूट सांगावेत तसं सांगितलं. "तुम्ही सांगा. शांत म्हंजे काय काय शे?"

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, त्यांना माझं तोंड नीट दिसेल असा. म्हटलं, मागच्या बाजूला नळ ठिबकतोय. छताच्या पत्र्यावर चिमण्या चालताहेत, त्यांची नखं वाजतात. शेजारच्या चाळीत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होतेय. सुभाष नाक ओढतोय. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले आणि प्रत्येक गोष्टीला मान हलवत गेले. चिमण्यांपाशी त्यांनी मला थांबवलं आणि वर पत्र्याकडे पाहिलं.

"किती शेतस?" त्यांनी विचारलं.

"दोन असतील."

"दोन," ते म्हणाले, आणि स्विच वर केला.