सभेतली लोकर

नातवंडांनो, काल सोसायटीच्या सभेत शेजारची मुलगी मान खाली घालून निळी लोकर विणत होती, आणि माझी जुनी जखम ठसठसली. ऑफिसात मी मीटिंगमध्ये विणते म्हणून साहेबांनी तुमच्या बाबाचा अर्धा स्वेटर सगळ्यांदेखत केराच्या टोपलीत टाकला होता. हात गुंतले की कान मोकळे होतात, हे त्यांना कधी कळलंच नाही.

तेच साहेब आता आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आहेत, आणि थंडीनं बेजार. सभा संपल्यावर म्हणाले, "बाई, एक मफलर विणून द्याल?"

"देईन की, साहेब. पण फक्त सभेत विणेन, तुमच्यासमोर."

ते कसनुसं हसले. आमची सभा वर्षातून एकदाच भरते. पुढच्या सभेत पहिली ओळ विणेन. चुकली तर उसवेन. मला नीटनेटकं काम लागतं, तुम्हाला ठाऊकच आहे.