कॅस्टिलोचा देश बेलीझ

लान्स कॉर्पोरल इलाय कॅस्टिलोवर अन्याय झाला तो २००७ च्या रिमेंबरन्स संडेला, म्हणजे ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात शहिदांना आठवायच्या रविवारी, सकाळी अकराची दोन मिनिटांची शांतता संपल्याबरोबर. लंडनच्या पश्चिमेला, आमच्या हाउन्सलो भागातल्या स्मारकापुढे शहिदांची नावं आणि त्यांचे देश वाचले जात होते.

"कॅस्टिलो, ब्रिटिश होंडुरास."

असा देशच नाही! वसाहतीचं ते नाव १९७३ मध्ये गेलं. २१ सप्टेंबर १९८१ ला बेलीझ स्वतंत्र झाला. कॅस्टिलो जन्मला त्यानंतर.

ब्रिटिश सैन्यात मी त्याच्या सेक्शनमध्ये प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई होतो. रेडिओ माझ्याकडे. २००५ मध्ये जंगल ट्रेनिंगला आम्ही त्याच्याच देशात गेलो. पहाटे स्टँड-टू, म्हणजे शस्त्र घेऊन सज्ज राहायचं, मग दिवसभर चाल. बूट कधी वाळले नाहीत. मी मागे पडलो की तो ओरडायचा, "हाउन्सलो! इथे पिकाडिली लाइनची ट्रेन येत नाही. चाल!"

पश्चिमेला ग्वाटेमालाची हद्द. बेलीझच्या जमिनीवर त्या देशाचा जुना दावा. एका दुपारी आम्हाला झाडं तोडून मोकळी केलेली जागा लागली. तिथे हद्दीपलीकडून आलेली चार माणसं. बंदुका आमच्यावर रोखलेल्या. आमच्या रायफलींत ट्रेनिंगची ब्लँक काडतुसं, नुसता आवाज करणारी.

मी रेडिओवर तळाला कळवलं, "झीरो, टू-वन. चार सशस्त्र. आमच्याकडे ब्लँक. ओव्हर."

"टू-वन, भिडू नका. बोलून पाहा. ओव्हर."

कॅस्टिलो रायफल खाली करून पुढे गेला. स्पॅनिशमध्ये बोलला. ते निघून गेले. एकही गोळी सुटली नाही.

"काय म्हणालास?" मी विचारलं.

"त्यांच्यातला एक म्हणाला, बेलीझ नावाचा देशच नाही. मी म्हटलं, मग मी कोण, भूत? माझी आई त्या डोंगरामागे शाळेत शिकवते. जा घरी."

२००७ च्या उन्हाळ्यात अफगाणिस्तानात, हेल्मंडमध्ये तो मारला गेला. गस्तीच्या तुकडीत सगळ्यात पुढे होता.

आणि आमच्या स्मारक समितीने त्या बंदुकवाल्यांचंच म्हणणं माइकवरून वाचलं! अध्यक्ष निवृत्त मेजर. म्हणाले, "यंग मॅन, दगडावर देशाचं जे नाव कोरलंय, तेच आम्ही वाचतो."

"सर, दगडावरची माणसं पहिल्या महायुद्धातली. हा आमचा."

घरी आई म्हणाली, "अरे, माणूस गेला. नावाचं काय घेऊन बसलास?"

"तुला कुणी ब्रिटिश इंडियाची म्हटलं तर?"

देश दुरुस्त करा म्हणून मी छापून आणलेल्या पत्रकांकडे तिने पाहिलं. मग म्हणाली, "आण ती पत्रकं. बस स्टेशनवर मी वाटते."

वाटली. सेक्शनमधल्या सगळ्यांनी समितीला सांगितलं, देश बदला, नाहीतर पुढच्या वर्षी आम्ही स्मारकापुढच्या संचलनाला उभे राहणार नाही. समिती नमली.

२००८ च्या रिमेंबरन्स संडेला कॅस्टिलोची आई बेलीझहून आली. वाचणारा म्हणाला, "लान्स कॉर्पोरल इलाय कॅस्टिलो. बेलीझ."

"येस, सर!" त्या बाई सगळ्यांसमोर, मुलाची हजेरी दिल्यासारखं, मोठ्याने म्हणाल्या.

आम्ही अटेन्शनमध्ये होतो. हलता येत नव्हतं. पण रांगेतला एकूण एक हसत होता.

ब्रिटनमधल्या तुमच्या गावातही असं स्मारक आहे. येत्या रिमेंबरन्स संडेला तिथे जा. मेलेल्या माणसाचा देश चुकीचा वाचला, तर कार्यक्रम संपताच अध्यक्षांना गाठा आणि बरोबर नाव वदवून घेतल्याशिवाय हलू नका. कॅस्टिलो असता तर तोच बोलला असता. आता तुम्ही बोला.