पंखातलं बारीक हाड

नवऱ्याचे ओठ काळेनिळे पडत होते आणि मी हातात सांडशी घेऊन उभी होते. तो पडवीतल्या खाटेवर बसला होता, दोन्ही हातांनी गळा धरून. आवाज निघत नव्हता. खोकला आला असता तर बरं होतं, खोकणाऱ्या माणसाला श्वास मिळत असतो. तो खोकत नव्हता. डोळे तेवढे माझ्यावर होते. कूलर घरघरत होता, तव्यावर दोन पंख चरचरत होते. मी गॅस बंद केला. मग तवा उतरवला. ही दोन कामं मी आधी केली.

कोंबडीच्या पंखातलं हाड त्याच्या घशात गेलं होतं.

पंखांचा डबा नातीनं मागवला होता. ती अमरावतीला नर्सिंग शिकते. रविवारी अकोल्याला घरी आली आणि फोनवरून डबा मागवला. आत नुसते पंख. मला वाटलं, दुकानदारानं फसवलं. ती म्हणाली, "आजी, असेच मिळतात. विंग्ज म्हणतात." लोक पैसे देऊन पंख आणतात हे मला तेव्हा कळलं. आमच्या घरात पंख कोणी मागितल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. सात उरले, ते सुनेनं फ्रिजमध्ये ठेवले.

सोमवारी मुलगा आणि सून मोर्शीला लग्नाला गेले. घरात आम्ही तिघं. दुपारी मी डबा काढला. पंखांवरची चरबी गोठून पांढरी झाली होती. सून असती तर म्हणाली असती, मायक्रोवेव्हमध्ये ठेवा. त्यात मांसाचं चामडं होतं. मी तवा ठेवला, पंख मांडले, पाण्याचा हबका मारला, वर झाकण. वाफ धरली की झाकण काढायचं आणि तेल सुटेपर्यंत हलवायचं नाही. शिळं मांस असंच गरम करावं लागतं. लग्न झाल्यापासून मी शिळंच गरम करत आले, त्यात मला कोणी शिकवू नये.

वास पडवीत गेला. खाटेवरून आवाज आला.

"काय भाजून राहिली वं?"

"कोंबडीचे पंख."

"तंगडी नाही का?"

"नाही. डब्यात पंखच येतेत."

"पंख? पैसे देऊन पंख आनले?" तो हसला. हसला की त्याची कवळी वाजते. "मंग तर तुही दिवाळीच झाली म्हना की."

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना करत नाही.

तो का हसला ते सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या सासरी कोंबडं कापत. काळीज सासऱ्याला. एक तंगडी सासऱ्याला, एक माझ्या नवऱ्याला. छातीचे तुकडे दिराला आणि पोरांना. पुरुष उठले की बायका बसत. बायकांना मान, पाय, पंख आणि रस्सा. मोठा मुलगा पोटात होता, सातवा महिना. दिवसभर वांगी तोडून मी घरी आले होते. स्वयंपाक मीच केला. भूक सहन होईना, म्हणून वाढायच्या आधी एक तंगडी काढून चुलीमागे बसून खायला लागले. नवऱ्यानं पाहिलं. तो ओरडला नाही. जवळ आला, माझ्या हातातली तंगडी घेतली, अंगणात कुत्र्यापुढे टाकली. सगळे जेवायला बसले होते. सासूला म्हणाला, "इले पंख दे." सासू हसली, दीर हसला. कुत्र्यानं तंगडी खाल्ली, मी पंख खाल्ला.

त्यानंतर सासरा गेला, सासू गेली, दीर वेगळा झाला. मांसाचे वाटे घालणारं कोणी उरलं नाही, तरी पंख माझ्याच ताटात येत राहिले. मुलगा मोठा झाल्यावर त्यानंही कधी विचारलं नाही. एवढ्या वर्षांत माझ्या नवऱ्यानं एकही पंख खाल्ला नव्हता.

पंख खाता यावा लागतो. मधल्या तुकड्यात दोन हाडं असतात, एक जाड, एक काडीसारखं. आधी टोकाचा सांधा मोडायचा, बारीक हाड पिळून ओढून काढायचं, मग मांसाला तोंड लावायचं. आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला हे येतं. पुरुषांना येत नाही. तंगडीला एकच जाड हाड, ते धरून ओरबाडलं की झालं.

दोन वर्षांपूर्वी त्याला कवळी बसली. वरची कवळी टाळू झाकते, तोंडात काय आहे ते नीट कळत नाही. तेव्हापासून मी त्याला तंगडीचं मांस सोडवून, बारीक करून देते. त्या दिवशीही देता आलं असतं.

मी तव्याजवळ उभ्यानं दोन पंख खाल्ले, त्याच्या आधी. बारीक हाडं काढून ताटलीच्या कडेला ठेवली. मग त्याच्या ताटात तीन पंख टाकले, जसेच्या तसे. नात टॉवेल घेऊन न्हाणीकडे चालली होती. जाता जाता म्हणाली, "आजी, आबाजींना हाडं काढून दे हं. कवळी आहे त्यांना."

"त्याईले कवा शिकवा लागलं खायाले?" मी म्हणाले.

"मी काय लेकरू हाओ का वं?" तिकडून तो म्हणाला.

ती हसून गेली. मी ताट त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं पंख उचलला, तंगडी धरतात तसा टोकाला धरला, आणि सगळा तुकडा तोंडात घालून ओढला. मी पाहत होते. सांडशी पुसायचं निमित्त होतं, पण मी पाहायलाच उभी होते. जाड हाड बाहेर आलं. बारीक आलं नाही.

मला वाटलं होतं टोचेल. हिरडीत रुतेल, रक्त येईल, चार दिवस पेज पिईल. एवढंच मला हवं होतं. पण त्याचा हात गळ्याशी गेल्यावरही मी हलले नाही, हेही खरं आहे.

न्हाणीचं दार वाजलं. नात ओल्या केसांनी बाहेर आली.

"आजी! काय करून राहिली तू?"

तिनं त्याला पुढे वाकवलं, पाठीत तळहाताचे तडाखे दिले. काही झालं नाही. मागून मिठी घालून पोटात मुठी दाबल्या, एकदा, दोनदा, तीनदा. आधी कवळी ताटात पडली. मग मांसात गुंडाळलेलं हाड. पाणी संपलेली मोटार ओढते तसा आवाज करून त्यानं हवा घेतली.

पाणी प्यायला, डोळे पुसले, कवळी धुवून मागितली. मग मला म्हणाला, "म्हातारी झाली, पन पंख भाजता येत नाही तुले. कच्चे ठेवले."

नात स्वयंपाकघरात आली. माझी ताटली तिनं पाहिली. दोन बारीक हाडं कडेला स्वच्छ पडली होती.

"तुला माहीत होतं."

"हो."

"मी सांगितलंही होतं."

"सांगतलं होतं."

"किती वेळ उभी होतीस?"

"तवा उतरवला तेवढा वेळ."

तव्यावरचे दोन पंख तिनं कचऱ्यात टाकले, वाया घालवले. दुसऱ्याच दिवशी अमरावतीला परत गेली, चार दिवस राहणार होती ती. आईबापाला तिनं काही सांगितलं नाही. आता फोन येतो तो आजोबांना. "आबाजी, जेवलात का? कोणी वाढलं?" एवढं विचारते. वाढलेलं माझंच असतं.

ती बाहेर आली नसती तर मी पुढे झाले असते, असं म्हणायला सोपं आहे. मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी मुलानं कोंबडी आणली. मी तंगडीचं मांस सोडवून, बारीक करून नवऱ्याला दिलं. पंख माझ्या ताटात आले. तो खाताना एकदा माझ्याकडे पाहून म्हणाला, "काढले ना सगळे हाडं?"

"काढले."

त्यानं तरी बोटानं चाचपून पाहिलं. मग खाल्लं.

तो जिवंत आहे. नातीनं वाचवला, मी नाही.