बूड गेलेली चूल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चुलीले तेल लावणं. धानाचा रोवणा चालू होता, हवा ओली होती. चूल लोखंडी, ड्रमाच्या पत्र्याची, आमच्या लग्नाच्या वर्षी लोहारानं करून दिलेली. मी विटेच्या तुकड्यानं जंग घासत होतो अन् माझी बायको कौसल्या मागून मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाचा बोळा फिरवत होती. चूल कोमट असतानीच तेल लावाचं, थंड लोखंडाले ते धरत नाई. माझ्या हाताकडं पाहून ती म्हणे, "अजी, कोपरे घासा. मधात तं कोणीबी घासते."

मंग तिनं भात रांधला. जेवलो. भांडे घासून खाटेवर टेकली ती टेकलीच.

आमच्या कुरखेड्याकडं मरणाच्या घरी तेरवीपर्यंत चूल पेटत नाई, शेजारचे डबे आणतात. राखही काढत नाईत, मेलेल्या बाईच्या हातचा शेवटचा सयपाक असते म्हणून. बाहेर पावसाची झड लागली होती. राख ओल ओढते अन् लोखंड खाते, हे गावात कोणाले माहीत नाई? मी राख काढाले उठलो तं बहीण ओरडली, "भाऊ, बायको गेली अन् तुले चुलीचं पडलं?"

चार माणसं बसले होते. मी बसलो. तेरवीले राख काढली तं तिच्यासंग चुलीचं सडलेलं बूडही आलं.

गावातल्यांनो, तुमची रीत मी पाळली, पण आता पाळणार नाई. मी मेलो तं चूल पेटवू नका पायजे तं, पण राख त्याच दिवशी काढा. माझा जीव काई राखेत अडकून राहात नाई.

पोरगा भद्रावतीले कारखान्यात हाय. तो मले न्याले आला. मी चूल पोत्यात घातली. बसमधी कंडक्टर म्हणे, "बाबा, भंगार वर टाका." म्हटलं, "भंगार तुही गाडी हाय." मांडीवर घेऊन आलो.

कॉलनीत फरशी हाय, गॅस हाय, बटन दाबलं का पाणी गरम. वाईट नाई म्हणत. पण गावात सकाळी एखाद्या घरून धूर निघाला नाई तं लोक दारात येत, "काऊन बा, बिमार हाय का?" इथी माणूस दोन दिवस उठला नाई तरी बाजूच्याले पत्ता लागत नाई. तुमच्यातले जे पुण्याले, नागपूरले गेले, त्याइले हे सांगाची गरज नाई.

चूल मांगच्या आंगणात ठेवली होती. एक दिवस पोरगा म्हणे, "बाबा, आईचा फोटो हाय न घरात. ह्या बिनबुडाच्या डब्ब्याचं काय करता? उद्या भंगारवाला येईन, देऊन टाकू."

"फोटोवर भात शिजते का?"

सून म्हणे, "मामाजी, धुरानं पोरीले खोकला होते."

हे तिचं खरं होतं. म्हटलं, "भिंतीपाशी पेटवीन, वारा तिकडं असन तवाच. पण देणार नाई." पोरगा म्हणे, "तुमचं घर आता हेच हाय, बाबा, इथल्यासारखं राहा." मी म्हटलं, "माह्यं घर हाय तं मले इस्तो पेटवू दे. नाई तं मी पाहुणा हावो, तसं सांग."

मले तवाच समजलं का गावचं घर मले नाई पायजे. जिथं मी सोता इस्तो पेटवीन अन् कोणी विचारणार नाई, ते घर पायजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्यानं हाक मारली. मी पोराच्या आधी बाहेर गेलो. "काय विकाचं, बाबा?" म्हटलं, "विकाचं नाई. तुह्याकडला जाड पत्रा दाखव." एक निवडला, कडा वाकवून बुडाले ठोकून बसवला. काड्या लावल्या, लोखंड कोमट झालं तसं सुनेच्या डब्यातलं गोडं तेल चोपडलं. मंग इस्तो वाढवला अन् जन्मात पयल्यांदा मी भात चढवला.

सून घास घेऊन म्हणे, "मामाजी, खाली लागला."

म्हटलं, "लागला तं लागला. खा."