चोवीस तासांत लेखी खुलासा

बाकीच्या ऑफिसांत कागद साठतात, आमच्यात किस्से साठले. सांगायला बसलं की आधी हसू येतं, मग कंटाळा येतो. तरी सांगते.

औरंगपुऱ्यात एका बियाणं कंपनीचं आमचं विभागीय ऑफिस. तिसरा मजला, लिफ्ट आहे पण बंद. आम्ही दहा जण. मी तिथं सतरा वर्षं आहे, साहेब तीन वर्षांपूर्वी आले. आले तेच मेमो घेऊन! प्रत्येक मेमोच्या शेवटी ठरलेली ओळ: 'चोवीस तासांत लेखी खुलासा सादर करावा.' म्हणून साहेबांचं नावच पडलं 'चोवीस तास'. सकाळी जिन्यात दम खात एकमेकांना विचारायचं, "चोवीस तास आले का वर?"

मेमो सगळ्यांना यायचे, खुलासे मात्र मी लिहायचे. का, तर माझी भाषा बरी! फॉर्मॅट साहेबांनीच ठरवून दिलेला. वर 'महोदय', मध्ये कुठंतरी 'अनवधानाने', अन् शेवटी 'पुन्हा असे होणार नाही'. ही शेवटची ओळ नसली की खुलासा परत. अन् तीन खुलाशांवर 'असमाधानकारक' असा शेरा पडला, की कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस घरी.

*

डिस्पॅचच्या कुलकर्णीबाई एकदा साहेब समोरून येत असताना हसल्या. कशाला हसल्या हे त्यांनाही आता आठवत नाही. मेमो आला: 'कार्यालयीन वेळेत हसण्याचे कारण काय?'

मी लिहिलं, 'हसले नाही, शिंक अडकली होती.'

दुसऱ्या दिवशी शेरा: 'शिंकेबाबत वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे.'

बाईंनी खरंच आणलं! त्यांच्या डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्यानं लिहून दिलं, 'शिंक येऊन गेली आहे. आता बरे आहे.'

*

सलीमभाई आमचे ड्रायव्हर, सिल्लोडचे. साहेबांना हॉर्नचा लई त्रास. "मी गाडीत असताना हॉर्न वाजला नाही पाहिजे!" अशी सक्त ताकीद.

एक दिवस जळगाव रोडवर म्हैस आडवी उभी राहिली. सलीमभाईंनी हॉर्न वाजवला नाही. म्हशीलाही घाई नव्हती. साहेबांची मीटिंग हुकली, अन् मेमो सलीमभाईंना.

कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, खुलासा मेरा लिखना है, के भैंस का?"

*

बसलं की स्टाफ सैल होतो, असं साहेबांचं मत. म्हणून केबिनमधल्या समोरच्या दोन्ही खुर्च्या त्यांनी काढून टाकल्या. बोलणी खायची ती उभ्यानं. माझे गुडघे तिथंच गेले.

एकदा हेड ऑफिसचे मोठे साहेब न कळवता आले. आमचे साहेब ताडकन उठले. "बसा ना सर, बसा!"

मोठ्या साहेबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, अन् सरळ आमच्या साहेबांच्या खुर्चीत जाऊन बसले! आमचे साहेब अर्धा तास हात बांधून उभे. आम्ही काचेतून बघत होतो. हसलं कुणी नाही. शिंकसुद्धा अडकली नाही कुणाची.

*

इथपर्यंत हसायला बरं वाटतं.

काकडे आमच्या लॅबमध्ये बियाणं उगवतं का नाही ते तपासतो. देवगाव रंगारीचा. चार वर्षं कॉन्ट्रॅक्टवर, या वर्षी पर्मनंट व्हायचा होता. त्याचे दोन खुलासे 'असमाधानकारक' होऊन बसलेले. एक मोबाईल वाजला म्हणून, दुसरा डबा पाच मिनिटं आधी उघडला म्हणून. तिसरा झाला की संपलं.

एका सकाळी गावाकडून फोन आला. आई पडली, मांडीचं हाड मोडलं, शेजारी तिला जीपमध्ये घालून शहरात आणतायत. काकडे रजा मागायला गेला. साहेब त्याला घेऊन बाहेर हॉलमध्ये आले.

"रोज कुणाची तरी आई पडते! लाव फोन. स्पीकरवर लाव."

म्हातारीचा आवाज आला. मागं जीपचा खडखडाट. "साहेब व्हय? साहेब, पोराची काय चूक नाय हो. माझाच पाय घसरला. त्याला रागवू नका." मग कण्हली, अन् म्हणाली, "जेवला का तो?"

"ऑफिस टाइम आहे, आजी," म्हणत साहेबांनी फोन कापला. "संध्याकाळी जा रे."

आम्ही सगळे माना खाली घालून बसलो होतो. लाज वाटली. आजही वाटते. सतरा वर्षांची नोकरी, अन् तोंडातून एक शब्द फुटला नाही माझ्या.

*

अर्ध्या तासानं काकडेची जागा रिकामी. साहेब बाहेर आले. "कुणाला विचारून गेला? कुणी पाहिलं?"

कुणी बोललं नाही. गप्प बसायची सवय पहिल्यांदाच कामी आली.

काकडेला तिसरा मेमो निघाला. अन् आम्हा नऊ जणांना एकेक, 'मौन बाळगल्याबद्दल'! प्रत्येकाची प्रत हेड ऑफिसला. आपण किती कडक आहोत हे वर दिसावं, म्हणून साहेब कायम पाठवायचे.

सलीमभाईंनी या खेपेला खुलासा स्वतःच लिहिला. 'काकडेंना दवाखान्यात मी सोडले. साहेबांच्या गाडीतून. हॉर्न वाजवला नाही.'

*

काकडे तिसऱ्या दिवशी आला. आईचं ऑपरेशन झालं होतं, त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती. मी त्याचा खुलासा नेहमीसारखा लिहून ठेवला होता. त्यानं शेवटपर्यंत वाचला अन् पेन खाली ठेवलं.

"ताई, 'पुन्हा असे होणार नाही' म्हंजे काय? आई पुन्हा पडणार नाय, असं लिहून देऊ? का पडली तर मी जाणार नाय, असं?"

ती ओळ नसली तर त्याची नोकरी जाणार, हे त्यालाही ठाऊक होतं. बिनसहीचा कागद माझ्या टेबलावर ठेवून तो लॅबमध्ये गेला.

चार वाजता साहेबांनी मला आत बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

"बसा ना, मॅडम."

दोघांनीही खुर्ची शोधली. मी उभीच राहिले.

त्यांनी हेड ऑफिसचा कागद पुढं सरकवला. 'एकाच कार्यालयात एकाच दिवशी दहा मेमो का? चोवीस तासांत लेखी खुलासा सादर करावा.'

"तुमची भाषा बरी आहे म्हणतात सगळे," साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले.

मी जागेवर येऊन साहेबांचा खुलासा लिहायला घेतला. 'महोदय' लिहिलं, 'अनवधानाने' लिहिलं. मध्ये घातलं, 'श्री. काकडे यांची त्या दोन दिवसांची रजा मी मंजूर केली असून दहाही मेमो मागे घेत आहे.'

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. कपाळ पुसलं. दुसरा इलाज नव्हता, सही केली. मग पुन्हा वाचता वाचता त्यांचं बोट अगदी खाली येऊन थांबलं.

"हे शेवटचं कशाला, मॅडम? 'पुन्हा असे होणार नाही'?"

"फॉर्मॅट आहे, साहेब. ते नसलं की खुलासा परत येतो."