चेतकची चाहूल

गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहाला मिरकरवाडा बंदरातल्या मेकॅनिकने दुरुस्तीला आलेल्या होडीचं चालू इंजिन बंद केलं आणि हात वर केला. मासळी घ्यायला गेलो की हे मला अनेकदा दिसतं. जुनं चेतक हेलिकॉप्टर येतंय असं वाटलं की तो काम थांबवतो. नव्या हेलिकॉप्टरांकडे तो बघतही नाही. चेतकला वरून बारीक शिट्टी आणि खालून फटफट असते, असं तो सांगतो.

इंजिनातला दोषही तो कानानेच ओळखतो. महिन्यापूर्वी त्याने श्रवणयंत्र लावलं, आणि सगळेच आवाज त्याला वेगळे ऐकू येऊ लागले. त्यानंतर दोनदा चेतक डोक्यावरून गेलं, पण त्याला कळलं नाही. तेव्हापासून, याचा कान गेला, असं गिऱ्हाइकं कुजबुजू लागली होती.

"काका, काय नाय हो आभाळात," होडी चालवणारा तांडेल म्हणाला. "यंत्रात माशी शिरली काय?"

"गप ऱ्हा जरा. भाट्याकडनं येतंय."

मिनिटभराने भाट्याच्या बाजूने चेतक आलं. ते दिसेनासं होईपर्यंत तो हसऱ्या चेहऱ्याने उभा होता. मग त्याने इंजिन सुरू करून कान जवळ नेला.

"तिसरा नोझल काढ," तो तांडेलाला म्हणाला.

डिझेल फवारणारा तो नोझल चोंदलेला निघाला.