रुपयामागं एक पैसा

चार दुकानदार एका ओट्यावर बसले की गिऱ्हाईक येवो न येवो, किस्से मात्र रोज येतात. आमच्या भोरच्या पेठेत लढाईच्या वर्षांत ते इतके साचले, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच घुसतो. त्यातले हे विहिरीच्या पट्टीचे.

पेठेतल्या विहिरीचा कठडा ढासळला, पाण्यात माती येऊ लागली. ऐन चैत्रात! ज्याची जशी मिळकत तशी पट्टी काढायचं ठरलं. सभेला सगळे फाटके सदरे घालून हजर! तुकाशेट हलवाई हात जोडून म्हणाले, "आमच्या घरात दोन दिस चूल पेटली न्हाई." आणि लगेच ढेकर दिली!

तेव्हा आबासाहेब वकील उठले. "मिळकत लपवता येते, विक्री लपत नाही. मिळकतीवरची पट्टी बंद! जो विकेल त्यानं रुपयामागं एक पैसा पेटीत टाकायचा. रुपयाच्या आत माफी."

टाळ्या पडल्या. चौकात पेटी बसली.

•

दुसऱ्या दिवसापासून तुकाशेट एका वेळी पंधरा आण्यांच्या वर माल देईनात! हिर्डोशीचा एकजण लग्नाची जिलबी न्यायला आला. पंधरा आण्यांची घ्यायची, पायरी उतरायची, परत चढायचं. शेवटी तो पायरीवरच बसला.

"शेट, ह्यापरीस हिर्डोशीला चालत जानं सोपं!"

•

रहीमभाई कल्हईवाल्यांनी विचारलं, "वकीलसाहेब, भांडं गिऱ्हाइकाचंच. मी विकतो काय?"

"काही नाही. तुम्हाला माफी!"

तुकाशेट शेजारीच उभे. "मग मी बी पीठ गिऱ्हाइकाचंच घेतो. नुसतं तळून देतो!"

•

आमच्या कापडाच्या दुकानात थोरले बंधू बसत. त्यांनी पट्टीचे पैसे किमतीतच चढवले. डोंगरातनं आलेल्या सोनाबाईंनी लुगडं घेतलं आणि वरचे पैसे कसले म्हणून विचारलं.

"हितल्या विहिरीचे, आजी."

"तिचं पानी आमच्या डोंगरावर येतंय व्हय?"

दादांनी लगेच वरचे पैसे सोडले. म्हातारीनं आमच्या माठातलं तांब्याभर पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि जाता जाता पेटीत एक पैसा टाकला.

"म्या पिल्ये तेवढ्याचा!"

•

पावसाच्या आधी कठडा बांधून झाला, पाणी निवळलं. पण त्याआधी आबासाहेबांची म्हैस तुकाशेटच्या दारात बांधली गेली होती. भाव आतल्या आत ठरलेला, ऐंशी रुपये. सगळी पेठ पेटीकडे बघायला लागली, तसे आबासाहेब मोठ्यानं म्हणाले, "विकली नाही हो! तुकाशेट आमचे स्नेही. त्यांना भेट दिली!"

चार दिवस झाले, तुकाशेटकडून एक रुपया येईना. आबासाहेब स्वतः आले.

"तुकाशेट, आपलं ठरलं होतं ना?"

"काय ठरलं व्हतं?" तुकाशेट चौकात ऐकू जाईल असं ओरडले.

"म्हशीचे पैसे!"

"भेटीचं पैसं? आवो, समद्या पेठेनं ऐकलंय!"

एव्हाना आम्ही सगळे ओट्यावरनं खाली उतरलो होतो. आबासाहेब लाल झाले. तरातरा पेटीपाशी गेले आणि ऐंशी पैसे, म्हणजे तेव्हाच्या चौसष्ट पैशांच्या रुपयानं खणखणीत सव्वा रुपया, आत टाकला.

"झाली विक्री! काढा पैसे!"

तुकाशेट सावकाश पायऱ्या उतरले. धोतराला हात पुसले.

"भेट आसती तर म्या एक सबूद बोललो नसतो. पन आता इकलीच म्हनताय, तर बसा वकीलसायेब. म्हस लई लाथा मारती. भाव करू!"